नोंदवहीचा पत्ता : जावा-प्रणालींतील बाह्य लॉग-रचनेचा इतिहास

जहाजाचा वेग मोजण्यासाठी पाण्यात सोडावयाच्या लाकडी ठोकळ्यास इंग्रजीत ‘लॉग’ म्हणत. त्या मापाची वही ती लॉगबुक, आणि संगणकातील ‘लॉग’ हा त्या वहीचा वंशज होय. पेशवे दफ्तरातील रोजकीर्द ही तिची आपल्याकडील बहीण म्हणता येईल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वही नसून तिचा पत्ता हा आहे.

१९९६ मध्ये यूरोपीय संघाच्या ‘सेम्पर’ प्रकल्पासाठी नोंदी लिहिण्याचे एक साधन तयार होऊ लागले. जेकी ग्युल्जू यांच्या नावाशी निगडित असलेले ‘लॉगफोरजे’ त्यातूनच विकसित झाले. कोणती नोंद लिहावी व ती कोठे जावी, हा निर्णय प्रोग्रामबाहेरील कॉन्फिगरेशन फाइलकडे सोपविणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. प्रोग्राम पुन्हा न बांधता नोंदींचे वळण बदलता येऊ लागले. पुढे २००२ मध्ये जावाच्या १.४ आवृत्तीत स्वतंत्र लॉग-व्यवस्था आली, ग्युल्जू यांनीच नंतर ‘लॉगबॅक’ रचले, आणि २०१४ मध्ये लॉगफोरजेची दुसरी आवृत्ती सिद्ध झाली. प्रत्येकाने फाइल शोधण्याची आपापली रीत व आपापला संकेतशब्द ठरविला.

येथे भाषाभ्यासकास ओळखीचा प्रकार आढळतो. पहिल्या आवृत्तीचा संकेतशब्द ‘लॉगफोरजे.कॉन्फिगरेशन’ असा होता; दुसरीचा ‘लॉगफोरजे.कॉन्फिगरेशनफाइल’. केवळ एका उत्तरपदाचा फरक! जुना शब्द नव्या आवृत्तीस दिला असता ती, जुन्याशी जुळवून घेण्याची खास सोय चालू केलेली नसल्यास, तक्रार करीत नाही. त्याकडे दुर्लक्ष करते. दुसरी फाइलही न सापडल्यास केवळ ‘एरर’ व त्याहून गंभीर पातळीच्या नोंदी कन्सोलवर टाकते. पहिल्या आवृत्तीचीही एक खोड होती. पत्त्याआधी ‘फाइल’ हा शब्द व अपूर्णविराम नसेल, तर ती डिस्कवर न पाहता प्रोग्रामच्या क्लासपाथमध्ये शोधीत बसे.

अंधेरीचे सीप्झ १९७३ मध्ये सुरू झाले. आज बोरीवलीपर्यंतच्या उपनगरांत संगणकाची कामे चालतात. बोरीवलीतील अशा एका कार्यालयात हा दोष पाहावयास मिळाला. पहिल्या आवृत्तीची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्येच संपली होती. तथापि डिसेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या आवृत्तीतील ‘लॉगफोरशेल’ हा सुरक्षादोष उघड झाला, तेव्हा सर्वांनाच आपल्या घरातील आवृत्ती तपासणे भाग पडले. या कार्यालयाने दुसऱ्या आवृत्तीची सुधारलेली प्रत बसविली. पाने उघडत होती, व्यवहार होत होते. परंतु लॉगची फाइल स्थलांतराच्या दिवशी जी थांबली ती थांबलीच. त्या काळात कोणी आत शिरले असते तर त्याचा मागमूस कोणत्या वहीत शोधावयाचा?

प्रथम फाइलवरील अधिकारांचा संशय घेण्यात आला. तो व्यर्थ ठरला. ‘लॉगफोरजेटू.डीबग’ ही खूण चालू करताच प्रणाली कोणती फाइल शोधते हे दिसले, आणि जुना संकेतशब्द उघडा पडला. तो बदलल्यावर चाचणीच्या यंत्रावर नोंदी आल्या, मुख्य यंत्रावर नाहीत. तेथे टॉमकॅट ही विंडोज-सेवा म्हणून चालत असे, आणि नवा शब्द लिहिला होता ‘सेटएन्व्ह’ या बॅच फाइलीत. सेवा ती फाइल वाचतच नाही. तिचे पर्याय सेवेच्या स्वतःच्या मांडणीत द्यावे लागतात. तेथे शब्द लिहून सेवा पुन्हा सुरू केल्यावर नोंदी येऊ लागल्या. मधल्या काळातील ‘इन्फो’ पातळीच्या ओळी मात्र कोठेच उमटल्या नव्हत्या.