पाच वॉटचा आवाज आणि दहा बाय बाराची खोली

कोकणातल्या मुसलमानांच्या घरांचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात जहाजे येतील, आंबा-काजूच्या बागा येतील, मुंबईची डॉकयार्डे आणि आखाती देशांतल्या नोकऱ्या येतील. पण या घरांत काय ऐकले जात होते आणि ते कशावर ऐकले जात होते, हे सहसा कोणी लिहीत नाही. आम्हाला हा विषय महत्त्वाचा वाटतो. घरात पुस्तक येण्यापूर्वी अनेकांच्या घरात आवाज आला. तो आवाज काचेच्या व्हॉल्व्हमधून आणि कागदाच्या स्पीकरमधून आला.

अंजनवेल हे गुहागर तालुक्यातले गाव वाशिष्ठीच्या मुखाशी वसले आहे. डोक्यावर गोपाळगड, पलीकडच्या काठावर दाभोळ. एके काळी दाभोळहून हाजी मक्केच्या वाटेला लागत. पुढे आगबोटींच्या जमान्यात मुंबईहून निघालेली बोट दाभोळला थांबत असे आणि चाकरमानी याच बंदरात उतरत. बोटीवर काम करणारे खलाशी घरी येताना जे काही आणत, त्यात रेडिओचा मान मोठा होता. घर जांभ्या दगडाचे, वर कौले, पुढे पडवी, आत ओटी आणि माजघर. खोली दहा बाय बारा फुटांची. अशा खोलीसाठी किती ताकदीचा आवाज लागतो? आजच्या तरुणाला विचारले तर तो शंभर वॉटच्या खाली बोलणार नाही. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. त्यानंतरही खेड्यापाड्यांत तारा पोहोचायला बराच काळ गेला. तोपर्यंत गावात चालत तो बॅटरीवरचा व्हॉल्व्ह रेडिओ. त्याला ९० व्होल्टची जाडजूड कोरडी बॅटरी लागे आणि व्हॉल्व्हची तार तापवायला दीड व्होल्टची वेगळी. बॅटरी महाग, म्हणून वीज थेंबाथेंबाने वापरायची. या सेटमध्ये शेवटचा, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा व्हॉल्व्ह बहुधा डीएल ९६ जातीचा असे. त्याची ताकद किती? सुमारे ०.२ वॉट. एका वॉटचा पाचवा हिस्सा! एवढ्यावर माजघर भरत असे आणि पडवीत बसलेल्या माणसांनाही बातम्या ऐकू येत.

हे कसे घडत होते, हे समजले की स्पीकर निवडण्याचे अर्धे शास्त्र समजले.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. ध्वनीचा पाठ शिकवताना मुलांना एक हिशेब सांगतो. स्पीकरला आपण विजेचे शंभर रुपये देतो. आजचा साधा छोटा स्पीकर त्यातून चार आण्यांचा आवाज देतो, बाकी सगळे पैसे उष्णतेत जळतात. ही थट्टा नाही. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरची कार्यक्षमता पाव टक्का असते. ९२ डेसिबलवाला एक टक्का देतो आणि ९९ डेसिबलवाला सुमारे पाच टक्के. चांगल्या भोंग्याची मजल त्याच्याही बरीच पुढे जाते.

डेसिबलचा हिशेब व्यापाऱ्याच्या हिशेबासारखा सरळ नाही. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर वीज दुप्पट लागते, १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट. म्हणून ८७ डेसिबलच्या स्पीकरला जे काम करायला ४० वॉट लागतात, ते ९७ डेसिबलचा स्पीकर ४ वॉटमध्ये करतो. बॅटरी सेटचा स्पीकर ९४ डेसिबलचा धरला, तर ०.२ वॉटवर तो एक मीटरवर सुमारे ८७ डेसिबल देतो. समोरासमोर बसून दोन माणसे बोलतात तेव्हा तो आवाज ६० ते ६५ डेसिबल असतो. आता माजघर का भरत होते, ते सांगायला नको.

जुने कारागीर हे जाणून होते, कारण त्यांना दुसरा मार्गच नव्हता. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन टोकांचा व्हॉल्व्ह बनवला आणि क्षीण आवाज मोठा करण्याची वाट खुली झाली. १९१५ साली पीटर जेन्सन आणि एडविन प्रिढॅम यांनी भोंगा लावलेला स्पीकर लोकांसमोर वाजवून दाखवला. १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकूचा स्पीकर मांडला. आज घरोघरी वाजतात ते बहुतेक स्पीकर त्याच वंशाचे. त्या काळी व्हॉल्व्ह महाग आणि वॉट दुर्मीळ. मग आवाज वाढवायचा तर स्पीकरच सुधारायचा. कागद हलका घ्यायचा, चुंबक जड घ्यायचे, शंकू मोठा ठेवायचा. कायमची चुंबके दुबळी होती तेव्हा स्पीकरमध्ये विद्युतचुंबक बसवत आणि त्याच गुंडाळीकडून वीजपुरवठ्यातली गुणगुण गाळण्याचे कामही करून घेत. एका खर्चात दोन कामे! गरिबीतली हुशारी अशी असते.

भोंग्याचे शास्त्र त्याहून जुने. चावीच्या ग्रामोफोनला वीज मुळीच नव्हती, तरी तबकडीवरचा गवई सगळ्या घराला ऐकू येत असे. सुईने हलणारा पडदा लहान, बाहेरची हवा अफाट. लहान पडदा मोठ्या हवेला नुसता ढकलू लागला तर त्याचा जोर वाया जातो. भोंगा हळूहळू रुंदावत त्या दोघांची गाठ घालून देतो. तोंडासमोर दोन्ही हातांचा कर्णा करून हाक मारणारा नावाडी हेच करतो.

हिंदुस्थानात या भोंग्याने राजकारणही केले. शिकागो रेडिओ या मुंबईच्या पेढीचे नानक मोटवाने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवत. त्याआधी मोठ्या सभेत मागच्या माणसाला नेत्याचा शब्द पोहोचवायला मध्ये माणसे उभी करावी लागत. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्टमध्ये सुरू झालेले ते केंद्र नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी पकडले. त्या खटल्याच्या आरोपींत मोटवाने यांचेही नाव होते; पुढे ते निर्दोष सुटले. आवाज पोहोचवणारा माणूसही सत्तेला धोकादायक वाटतो, याचा हा पुरावा.

उर्दूत लाउडस्पीकरला ‘आला-ए-मुकब्बिरुस्सौत’ असे भारदस्त नाव आहे. मोठ्या मशिदीत इमामाची तकबीर मागच्या सफांपर्यंत पोहोचवण्यासाठी जो माणूस ती मोठ्याने उच्चारतो, तो मुकब्बिर. म्हणजे आमच्या भाषेने यंत्राला माणसाचेच नाव दिले. हे यंत्र नमाजात वापरावे की नाही, यावर गेल्या शतकात उलेमांनी बराच खल केला आणि त्यावर उर्दूत पुस्तकेही लिहिली गेली. यंत्रातून येतो तो इमामाचा मूळ आवाज की त्याची नक्कल, हा त्या वादाचा गाभा. प्रश्न धर्माचा खरा, पण तो विचारायला आवाजाचे शास्त्र समजून घ्यावे लागले, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते.

घरातल्या रेडिओने मात्र कोणाची परवानगी विचारली नाही. (सरकारची विचारावी लागे, रेडिओला वार्षिक लायसन्स फी होती.) १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज कोकणापर्यंत आला. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती लिप्यांत काढत. साधी, सर्वांना कळेल अशी हिंदुस्थानी त्या घरातच रुजलेली होती. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. या प्रसारणांत शब्द महत्त्वाचा होता, आणि जुना कागदी स्पीकर शब्दात पटाईत होता. त्याला खोल ठेका झेपत नसे, पण माणसाचा गळा तो स्वच्छ देत असे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या आमच्या कितीतरी आजी-नान्यांची शाळा म्हणजे हा स्पीकर.

मग चित्र कशामुळे पालटले? दोन शोधांमुळे. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि काही वर्षांत वॉट स्वस्त झाले. १९५४ साली एडगर विल्चर यांनी बंद पेटीचा छोटा स्पीकर आणला. लहान पेटीतून खोल, भारदस्त ठेका निघू लागला, पण त्याने वीज खाल्ली भरपूर. हॉफमन या तंत्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा आहे: लहान पेटी, खोल ठेका आणि उत्तम कार्यक्षमता, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. तिसरी सोडावी लागते. जगाने कार्यक्षमता सोडली. १९७३ नंतर आखाताचा रस्ता रुंद झाला आणि कोकणातल्या घरांत जपानी टू-इन-वन आले. व्हॉल्व्हचा सेट माळ्यावर गेला, नाहीतर भंगारात. पुढे नव्वदीत खोक्यांवर ‘पीएमपीओ’चे हजार-हजार वॉट छापून येऊ लागले. क्षणभराच्या काल्पनिक उसळीचा तो आकडा. सतत मिळणारी ताकद त्याच्या पासंगालाही पुरत नसे. आकडा वाढला, ऐकणे वाढले असे म्हणवत नाही.

आता काही तरुण माळ्यावरचे सेट खाली काढत आहेत, कोणी व्हॉल्व्हचा छोटा अँप्लिफायर बांधून घेत आहेत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने बनवलेले जुने व्हॉल्व्ह आजही शौकीन शोधत फिरतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी आपल्या अँप्लिफायरची खरी ताकद ओळखावी. एकटा ईएल ८४ व्हॉल्व्ह सुमारे ५ वॉट देतो, ६व्ही६ साडेचारच्या आसपास, नावाजलेला ३००बी आठेक वॉट. एवढ्यावर ८५ डेसिबलचा सुबक छोटा स्पीकर जोडला तर आवाज दबलेला आणि गाणे चढले की फाटलेला येईल. दोष व्हॉल्व्हला लागेल, चूक जोडीची असेल. दहा बाय बाराच्या खोलीसाठी ९२ ते ९६ डेसिबलचा स्पीकर पुरेसा. शंभरीपार जाणारे मोठे भोंगे सिनेमागृहासाठी जन्मले. त्यांचे वेगवेगळे भाग एकजीव ऐकू यायला अंतर लागते, आणि लहान खोलीत तेच नसते. आठ इंची, हलक्या कागदाचा, सगळे सूर एकाच शंकूतून देणारा स्पीकर अशा खोलीला शोभतो.

दुसरे, ओहम जुळवावेत. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्यावर ४, ८ किंवा १६ लिहिलेले असेल, स्पीकर तसाच घ्यावा. शिवाय सूर बदलताना ज्याचे ओहम फार वरखाली होत नाहीत असा घ्यावा, कारण साध्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरची स्पीकरवरची पकड सैल असते. फिलिप्सच्या काही जुन्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसे आणि स्पीकर ८०० ओहमचा असे. तो काढून नव्या अँप्लिफायरला जोडू नये. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप्लिफायर कधीच वाजवू नये, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

तिसरे, खोलीची मदत घ्यावी. स्पीकर भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात ठेवला की खालचे सूर भरतात. अमेरिकेच्या पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात कोपऱ्यालाच भोंग्याचा भाग बनवणारा स्पीकर केला, तो याच तत्त्वावर. फार घुमू लागले तर वीतभर पुढे ओढावा. फुकटचा उपाय आहे, आधी तो करावा.

चौथे, जिवाची काळजी. अशा सेटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो. ज्याला काम येते त्याच्याकडूनच उघडून घ्यावा.

कोणी म्हणेल, पोटापाण्याचे, शिक्षणाचे एवढे प्रश्न समाजापुढे असताना हा छंद कशाला? आमचे उत्तर असे की यात छंदापेक्षा मोठी गोष्ट गुंतलेली आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. आपल्या वरातींत, जलशांत, उरुसांत आणि सर्वच धर्मांच्या मिरवणुकांत तिचे काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. कानठळ्या बसवणाऱ्या भिंतीसमोर शब्द कळत नाही, आणि शब्द कळला नाही तर तकरीर, कव्वाली आणि कीर्तन सारखेच. ०.२ वॉटच्या रेडिओभोवती माणसे गप्प बसत, कारण गप्प बसल्याशिवाय ऐकू येत नसे. त्या शांततेत शेजाऱ्यालाही जागा होती.

ज्यांच्या माळ्यावर असा सेट असेल त्यांनी तो भंगारात घालण्याआधी एकदा त्याच्या स्पीकरचा कागद पाहावा. चुंबक बहुधा शाबूत असते आणि फाटका कागद पुन्हा लावून देणारे कारागीर शोधले तर अजून सापडतात. आमच्या शाळांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी असा एक स्पीकर वर्गात ठेवावा आणि मुलांना शंभर रुपये व चार आण्यांचा हिशेब स्वतः मांडू द्यावा. आवाज मोठा करायला ताकद लागते, हे त्यांना कोणीही सांगेल. तो पोहोचवायला अक्कल लागते, हे शिकवणे आमचे काम आहे.