सरबताचा पाक : एक न लिहिलेला इतिहास

आमच्या फुलसावंगीचा उन्हाळा काय वर्णावा! पैनगंगेच्या या खोऱ्यात चैत्र सरतो न सरतो तोच पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात आलेल्या पाहुण्याच्या हाती काय द्यायचे, या साध्या प्रश्नामागे बराच इतिहास दडलेला आहे.

आपले जुने पेय म्हणजे पन्हे. शब्द संस्कृत 'पानक'वरून आलेला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही पानकांचे वर्णन आहे. 'सरबत' हा शब्द मात्र 'पिणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून फारसीमार्गे आपल्याकडे आला. इंग्रजीतले 'सिरप'ही त्याच घराण्यातले. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होते. त्यामुळे पन्हे आणि सरबत आमच्याकडे गुण्यागोविंदाने नांदले, यात नवल नाही.

पण दोघांत फरक मोठा. पन्हे गुळाचे, करायचे आणि दोन-चार दिवसांत संपवायचे. गुळात ओलावा आणि मळी असते, पावसाळ्यात तर त्याला पाणीच सुटते. बाटलीत टिकणारा पाक हवा तर साखर हवी. आणि पांढरी साखर बराच काळ परदेशातून यायची. मॉरिशसची म्हणून तिला 'मोरस' म्हणत. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर देशी कारखाने वाढले. १९५०-५१ मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम झाला आणि पुढे आमच्या शेजारच्या उमरखेड तालुक्यात पोफाळीचा वसंत कारखाना उभा राहिला. थोडक्यात, बाटलीतले सरबत बरीच वर्षे साखर परवडणाऱ्यांच्या घरचे होते. बाकीच्यांचे पन्हे!

आता पाकाची विद्या पाहा. दोन किलो साखरेला एक लिटर पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचे, म्हणजे मळी फेसाबरोबर वर येते आणि काढून टाकता येते. मग लिंबाचे चार थेंब, म्हणजे साखर पुन्हा खडे धरत नाही. या प्रमाणात साखर सुमारे ६७ टक्के होते. सरकारच्या १९५५ च्या फळ उत्पादन आदेशानेही सरबतात विरघळलेला घन भाग किमान ६५ टक्के असावा असे ठरवले होते. इतक्या दाट पाकात जंतूंना वाढायला पाणीच उरत नाही. आंबट रस बिनकल्हईच्या पितळेत ठेवला तर कळकतो, म्हणून बाटली काचेची. उकळून, उन्हात कोरडी केलेली.

हे सारे कोणत्याही प्रयोगशाळेत न गेलेल्या बायकांना ठाऊक होते. बोटांत तार धरून त्या टक्केवारी ओळखत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' किंवा १९७० मधले कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' अशा पुस्तकांनी घरोघरची थोडी विद्या कागदावर आणली. उरलेली सांगणाऱ्यांबरोबर गेली. आम्ही शाळेत शिकवला तो इतिहास लढायांचा आणि तहांचा. चुलीपाशी झालेल्या प्रयोगांना त्यात एक ओळही नव्हती.

आज दुकानात रंगीत बाटली सहज मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या घरात अजून कोणी तार पाहून पाक उतरवते, तिथल्या मुला-नातवंडांनी जवळ बसून प्रमाण लिहून घ्यावे. मला तरी याहून चांगला सुट्टीचा अभ्यास सुचत नाही.

तुमच्याकडे कसे करत, जरूर कळवा.