पडणाऱ्या दाढेला कॅप कशाला?

“दुधाची दाढ आहे, पडणारच की!” सोलापुरात काय, कुठेही गेलात तरी हे ऐकू येतं. पण जरा हिशेब करा. मागची दुधाची दाढ साधारण अडीच वर्षांची असताना येते आणि दहाव्या-बाराव्या वर्षी पडते. ती पाचव्या वर्षी किडली, तर तिला अजून पाच-सहा वर्षं कडक भाकरी चावायची असते. आधीच काढून टाकली, तर सहाव्या वर्षी मागे येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि नंतरच्या दाताची जागा अडते.

ठणकणाऱ्या दाढेवर एकेकाळी एकच इलाज होता, उपटून टाकणं. १९०४मध्ये अमेरिकेत बकली यांनी फॉर्मोक्रेसॉल हे औषध पुढे आणलं. १९३०च्या सुमारास चार्ल्स स्वीट यांनी ते दुधाच्या दाढांसाठी रूढ केलं. वरच्या भागातली सुजलेली नस काढायची, मुळातली औषध लावून राखायची. हीच पल्पोटॉमी.

ठणका थांबला, पण दाढ पोकळ झाली. तिचं छप्पर गेलेलं, भिंती किडीने पातळ झालेल्या. नुसती चांदी भरली तर एखाद्या घासाला भिंत तुटायची, नाहीतर फटीतून जंतू पुन्हा आत शिरायचे आणि सगळी मेहनत वाया जायची. १९५०मध्ये हम्फ्री यांनी लहान मुलांसाठी तयार स्टीलच्या कॅप वापरायला सुरुवात केली. माप घ्यायचं, कडा वळवायच्या, सिमेंट लावून बसवायची. अख्खी दाढ झाकली जाते.

पुढे औषधावरच शंका आली. फॉर्मोक्रेसॉलमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं आणि २००४मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक ठरवलं. त्याच्या जागी एमटीएसारखी सिमेंटं आली. म्हणजे आतलं औषध बदललं, वरची कॅप मात्र टिकली. आता दिसायला पांढऱ्या झिर्कोनियाच्या कॅपही मिळतात.

मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३मध्ये सुरू झालं. बालदंतवैद्यांची देशव्यापी संघटना मात्र १९७९ची. आज सोलापुरात केगावला दंत महाविद्यालय आहे आणि मुलांचे दात हा बीडीएसच्या अभ्यासक्रमातला विषय आहे.

त्यामुळे डॉक्टर नस काढल्यावर “कॅपही बसवून घ्या” म्हणाले, तर तो वरखर्च समजून टाळू नका. वेळ आली की दाढ पडते, आणि कॅपही तिच्यासोबतच निघून येते.