पैलवान पुढे जातो, वस्ताद गावातच राहतो

महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा 1961 मध्ये औरंगाबादेत झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. भोकरदन तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. म्हणजे जालना-भोकरदन रस्त्यावरच्या केदारखेड्याच्या बाजूने पाहिले, तर राज्यातल्या सर्वांत मानाच्या गदेची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. पुढे 57 वर्षांनी, डिसेंबर 2018 मध्ये, तीच स्पर्धा जालन्यात भरली आणि बाला रफिक शेख याने अभिजीत कटकेला हरवून गदा खांद्यावर घेतली. या स्पर्धेची जी यादी आपण छापतो, तिच्यात वर्ष, ठिकाण आणि विजेता असे तीनच रकाने असतात. विजेत्याला पहिल्यांदा मातीत कोणी उतरवले, याला यादीत जागा नाही. मराठी कुस्तीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. राजाश्रय सरल्यावर गावोगाव कुस्ती टिकली ती वस्तादांमुळे, आणि वस्तादांची कारकीर्द मोजण्याची कोणतीही पद्धत आपण उभी केली नाही. त्याचे मोल केदारखेड्यासारख्या गावांनी चुकवले आहे.

कारकीर्द मोजायची म्हणजे काय, हे पाहायला इंग्लंडमधल्या खालच्या श्रेणीच्या फुटबॉलकडे वळावे लागते. तिथली फुटबॉल लीग 1888 मध्ये 12 क्लबांनिशी सुरू झाली आणि 1958 पर्यंत तिच्या चार श्रेणी झाल्या. चौथ्या श्रेणीच्याही खाली लहान गावांच्या क्लबांच्या स्पर्धा होत्या, पण तिथून वर यायचे तर लीगमधल्या क्लबांची मते मिळवावी लागत. 1987 मध्ये हा दरवाजा खेळाच्या जोरावर उघडला. त्या वर्षी नील वॉर्नॉक यांच्या व्यवस्थापनाखालचा स्कारबरो हा क्लब पाचवी पायरी जिंकून थेट लीगमध्ये आला आणि लिंकन सिटी खाली गेला. तेव्हापासून अशा पायरीवर काम करणाऱ्या व्यवस्थापकाला स्वतःचा इतिहास मिळाला. जॉन स्टिल यांचे उदाहरण घ्या. मेडस्टोन (1989), डॅगेनहॅम अँड रेडब्रिज (2007) आणि लूटन (2014) हे तीन क्लब त्यांनी पाचव्या पायरीवरून वर नेले. जगाला त्यांचे नाव फारसे ठाऊक नाही, पण इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या नोंदीत ते पक्के आहे, कारण तिथे प्रत्येक सामन्याच्या निकालापुढे त्या दिवशी संघ कोणाच्या हाती होता हे लिहिलेले असते. संघ वर गेला की व्यवस्थापकही त्याच्यासोबत वर जातो.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. पैलवान वर जातो आणि वस्ताद मागे राहतो. याचे कारण कुस्तीच्या आश्रयाच्या इतिहासात आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांच्या खुराकाची सोय केली, देशभरातले मल्ल आपल्याकडे आणले आणि 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. तालमी पेठांच्या झाल्या, पेठा तालमींच्या झाल्या. संस्थान गेले तरी त्या वास्तू, त्यांची माती आणि त्यांची नावे राहिली. मराठवाडा मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कोल्हापुरासारखी तालमींची बांधीव परंपरा या भागातल्या खेड्यांच्या वाट्याला आली नाही. इथली कुस्ती यात्रा, उरूस आणि बाजार यांच्या आधाराने जगली. वर्षातून एकदा फड भरायचा, चार दिवस हलगी वाजायची, आणि उरलेले वर्ष मुलांकडून जोर-बैठका करून घेण्याचे काम गावातला एखादा निवृत्त पैलवान स्वतःची शेती सांभाळून करायचा. त्याला पगार नव्हता, हुद्दा नव्हता आणि त्याच्या कामाचे दफ्तरही नव्हते.

या माणसाचे कौशल्य कशात असते, हे गावच्या फडात उभे राहिले की कळते. फडाची सुरुवात रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्यांनी होते. आठ-दहा वर्षांची पोरे लंगोट लावून कडेला बसलेली असतात. वस्ताद एकेकाला हाताला धरून उठवतो, दुसऱ्या गावच्या पोराशेजारी उभे करतो, खांद्याला खांदा लावून पाहतो, मान आणि मनगट दाबून पाहतो, मग एक तर जोड लावतो किंवा मान हलवून पोराला परत बसवतो. वजनकाटा नसतो. वजन, वय, किती दिवसांची मेहनत आहे आणि आज अंगात किती दम आहे, हा सगळा हिशेब त्या दोन मिनिटांत होतो. जोड चुकली तर पोरगे जायबंदी होते, किंवा असे हरते की पुन्हा मातीकडे फिरकत नाही. फार सोपी जोड लावली तर ते काहीच शिकत नाही. घिस्सा, ढाक, कलाजंग, एकलांगी हे डाव बघूनही थोडेफार उचलता येतात. कोणत्या पोराला कोणत्या वर्षी कोणासमोर उभे करायचे, हे मात्र वस्तादाशिवाय कोणी सांगू शकत नाही. तुटपुंज्या साधनांत माणूस ओळखून त्याला योग्य वेळी योग्य जागी उभे करणे हेच इंग्लंडमधल्या खालच्या श्रेणीच्या व्यवस्थापकाचेही काम असते. तेवढ्यापुरते हे दोघे एकाच धंद्यातले आहेत.

जोड जुळत जुळत पोरगे पंधरा-सोळा वर्षांचे झाले, की गावच्या वस्तादापुढे एकच वाट उरते. त्याला कोल्हापूरला किंवा पुण्याला धाडायचे. मराठवाड्याच्या कुस्तीचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास या धाडण्याचाच इतिहास आहे. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार 1969 मध्ये लातूरच्याच स्पर्धेत महाराष्ट्र केसरी झाले, पण पुढे वस्ताद म्हणून त्यांनी पिढी घडवली ती पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे घरी वडिलांकडे मेहनत शिकला, मग पुण्यात बिराजदारांकडे आला आणि 2011 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर काका पवारांच्या हाताखाली गेला. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्ण त्याने बिराजदारांना अर्पण केले. 2019 मध्ये जागतिक स्पर्धेचे कांस्यही मिळवले. काका पवारही लातूर जिल्ह्याचेच, आणि त्यांचेही संकुल पुण्यात कात्रजला आहे. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले, तेव्हा दोघेही त्यांचेच पठ्ठे होते. जालन्यात गदा जिंकणाऱ्या बाला रफिकचा प्रवासही असाच आहे. गाव करमाळा तालुक्यातले, तालीम कोल्हापूरची आणि नंतर पुण्याची, प्रतिनिधित्व बुलढाण्याचे. त्याचे कोल्हापूरचे गुरू, 1960 चे हिंदकेसरी आणि 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचे सुवर्णविजेते गणपतराव आंदळकर, त्या विजयाच्या तीनच महिने आधी वारले होते. गणपतरावांचे नाव सर्वांना माहीत होते, कारण ते स्वतः मोठे मल्ल होते. जो वस्ताद स्वतः मोठा मल्ल नव्हता, त्याचे नाव पुढे नेणारे कोणीच नसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही तुलनाच चुकीची आहे. फुटबॉल हा संघाचा खेळ आहे, तिथे व्यवस्थापक संघ निवडतो आणि डावपेच आखतो, म्हणून निकाल त्याच्या नावावर लागतो. कुस्तीत आखाड्यात एकटा पैलवान असतो. ही गोष्ट खरी आहे, पण तिने मुद्दा ढळत नाही, कारण फुटबॉलने एकेकट्या खेळाडूच्या घडणीचाही हिशेब मांडलेला आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात गेला की फिफाच्या नियमाप्रमाणे त्याच्या मोबदल्यातले 5 टक्के, तो 12 ते 23 वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवले, त्यांच्यात वाटले जातात. बाराव्या ते पंधराव्या वर्षांसाठी दरसाल पाव टक्का, सोळाव्यापासून तेविसाव्यापर्यंत दरसाल अर्धा टक्का. रक्कम वाटायची म्हणजे नोंद ठेवावी लागते. कोणत्या वर्षी हे पोर कोणाच्या हाताखाली होते, हे कागदावर असावे लागते. म्हणजे खेळ एकट्याचा की संघाचा यावर काही अडत नाही. हिशेब ठेवायचा की नाही, एवढाच निर्णय करायचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. गावच्या वस्तादाची विद्या मातीतली आहे, आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते आणि गुणांवर ठरते. मग जुन्या वस्तादांचे कौतुक करण्यापेक्षा नवे शास्त्र आणावे हे बरे, असे कोणी म्हणेल. नवे शास्त्र हवेच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांना गादीच्या कुस्तीची ओळख नव्हती आणि रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना तिचे धडे दिले. तिथे सहाव्या आलेल्या खाशाबांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्य मिळवले. पण गार्डनरला जो माणूस मिळाला तो तयार होता. त्याला त्याच्या पैलवान वडिलांनी लहानपणी मातीत उतरवले होते, आणि हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. वरच्या मजल्यावरचा प्रशिक्षक खालच्या मजल्यावाचून काहीच करू शकत नाही. जालन्याचाच दाखला पाहा. बाला रफिक माती विभागातून आला होता, कटके गादी विभागातून. अंतिम कुस्ती गादीवर झाली आणि मातीच्या पैलवानाने ती 11-3 अशी मोठ्या फरकाने जिंकली. मातीतली पायाभरणी गादीवर वाया जात नाही.

तिसरा आक्षेप मनापासून केला जातो, म्हणून त्याला आदराने उत्तर द्यायला हवे. वस्तादगिरी ही सेवा आहे, तिला पगार आणि टक्केवारी लावली की तिचे पावित्र्य जाईल. शिवाय इंग्लंडमधल्या व्यवस्थापकाच्या नशिबी जी हकालपट्टी असते ती आपल्या वस्तादाच्या वाट्याला येत नाही. लूटनला वर नेणाऱ्या जॉन स्टिल यांनाही डिसेंबर 2015 मध्ये त्याच क्लबाने घरी पाठवले, आणि वस्तादाला कोणी काढून टाकत नाही, हे खरेच. पण त्याला काढायला कोणी नसते, कारण त्याला नेमणाराही कोणी नसतो. त्याचे हात थकले की तालीम बंद पडते. पुढची माणसे तीच जबाबदारी घ्यायला का तयार होत नाहीत, याचे उत्तर सेवेच्या गौरवात सापडत नाही. ज्याने आयुष्यभर इतरांच्या पोरांच्या खुराकाची काळजी वाहिली, त्याच्या घरातले पोर हे काम पत्करायला कचरत असेल, तर दोष त्या पोराचा नाही. सेवा म्हणून केलेल्या कामाचीही नोंद ठेवता येते, आणि नोंद झाली म्हणून सेवा हलकी होत नाही. वारकरी परंपरेने फडांच्या आणि दिंड्यांच्या गुरुपरंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्याने भक्ती कमी झाली नाही.

सरकारने प्रशिक्षकांचा सन्मान करायला 1985 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला, आणि पहिल्याच वर्षीच्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. तेव्हा खेळाच्या राज्यात गुरूचे स्थान मान्य झाले. पण हा पुरस्कार आंतरराष्ट्रीय यशाच्या मापाने दिला जातो, म्हणून तो शेवटच्या गुरूपर्यंत पोहोचतो, पहिल्यापर्यंत पोहोचत नाही. इतिहासाच्या पुस्तकांचेही तेच झाले आहे. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने 1953 मध्ये कुस्तीगीर परिषद उभी राहिली, गदा आली, केसरी आले. कुस्तीचा राज्यभराचा हिशेब लिहायला त्याच वेळी सुरुवात व्हायला हवी होती. तो लिहिला गेला फक्त जिंकणाऱ्यांचा. परिणामी आज मराठवाड्याच्या कुस्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पुण्या-कोल्हापुरात पोहोचलेल्या पैलवानांपासून सुरुवात करावी लागते, आणि त्यांच्या आधीच्या दहा वर्षांसाठी एकही कागद सापडत नाही.

हे बदलायला मोठा खर्च लागत नाही. राज्य स्पर्धेच्या प्रवेशअर्जात पैलवानाच्या पहिल्या वस्तादाचे आणि गावाचे नाव लिहिणे सक्तीचे करावे. विजेत्याच्या इनामातला ठरावीक वाटा, फुटबॉलसारखा पाच टक्के का होईना, त्या पहिल्या तालमीला द्यावा. जिल्हा कुस्तीगीर संघाने यात्रेतल्या फडांचे निकाल, जोड कोणी लावली यासह, एका वहीत उतरवून घ्यावेत. असे झाले तर दहा वर्षांत भोकरदन तालुक्यातल्या कोणत्या गावातून किती मल्ल घडले आणि कोणाच्या हातून घडले, हे सांगता येईल. वस्तादाचे काम गावाला आणि सरकारला मोजता येईल, आणि मोजता आले की त्याच्यासाठी पैसा मागता येईल. कुस्तीचा आश्रयदाता आता राजा नाही. ती जागा नोंदींनी घ्यायची आहे, आणि त्या ठेवण्याचे काम सर्वस्वी आपल्या हातात आहे.