रोठा, काजूवरील : जैविक नियंत्रण

काजूचे खोड व मुळे पोखरणारी कीड. शास्त्रीय नाव प्लोसीडेरस फेरुजिनियस, कुल सेरॅम्बिसिडी. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी परिसरातील बागायतदार तिला रोठा म्हणतात. टी मॉस्किटो ढेकण्या मोहोर करपवतो, रोठा मात्र फळते झाडच मारतो.

जीवनक्रम व लक्षणे : तांबूस तपकिरी, लांब मिशांच्या भुंगेऱ्याची मादी बुंध्याजवळच्या सालीच्या भेगांत आणि उघड्या पडलेल्या मुळांवर अंडी घालते. अळी सालीखालचा रसवाहक भाग खात बुंध्याला वळसा घालते आणि झाडाचे अन्नवहन तुटते. बुंध्यावरील बारीक छिद्रे, त्यांतून येणारा डिंक व ओला भुसा ही पहिली खूण. पाने पिवळी पडून गळू लागली, की झाड वाचण्याची आशा थोडी उरते. पूर्ण वाढलेली अळी लाकडात शिरून चुनखडीसारख्या टणक कोशात जाते. वर्षाला साधारण एक पिढी होते.

जैविक घटक : (१) मेटाऱ्हायझियम अ‍ॅनिसोप्ली ही हिरवी बुरशी. इल्या मेचनिकॉफ यांनी १८७९ मध्ये ओडेसा येथे धान्यावरील भुंगेऱ्याच्या अळ्यांवर तिचा अभ्यास केला. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटून रुजतात, आत शिरतात. मेलेली अळी आधी पांढरी, मग हिरवी दिसते. काजूत ही बुरशी निंबोळी पेंडीसोबत बुंध्याभोवतीच्या मातीत मिसळतात. (२) बिव्हेरिया बॅसियाना ही पांढरी बुरशी. (३) हेटरोऱ्हॅब्डिटिस व स्टाइनरनेमा हे कीटकभक्षी सूत्रकृमी. ते अळीच्या शरीरात शिरून सोबतचे जिवाणू सोडतात. अळी साधारण दोन दिवसांत मरते.

मर्यादा : नारळावरील गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात असतात, तेथे मेटाऱ्हायझियम थेट पोचते. रोठ्याची अळी सालीआड, भुशाने बुजलेल्या बोगद्यात असते. शिवाय अंडी घालण्याचा मुख्य काळ हिवाळा-उन्हाळ्याचा. बुरशीला व सूत्रकृमींना ओल लागते आणि जांभ्या कातळावरील बागा तेव्हा कोरड्या असतात. कडक ऊन बीजाणूंना मारते. त्यामुळे या घटकांचा खरा उपयोग प्रतिबंधासाठी आणि नव्या प्रादुर्भावात होतो.

बागेतील अवलंब : पटाशीने पोखरलेली साल काढावी, तारेच्या आकड्याने अळी बाहेर ओढून मारावी, निरोगी सालीला इजा टाळावी, मगच जैविक घटक द्यावा. उघडी मुळे मातीने झाकावीत. मेलेले झाड मुळांसकट काढून त्यातील अळ्या व कोश नष्ट करावेत. तसेच उभे राहिल्यास पुढची पिढी त्यातूनच निघते. भुंगेरा उडून शेजारच्या बागेत जातो, म्हणून हे काम वाडीने मिळून करणे आवश्यक आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यातच असून ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जाती तेथे विकसित झाल्या. अशा उत्तम कलमांचे उत्पन्न टिकवायचे तर काजूबी वेचताना प्रत्येक बुंधा वाकून पाहणे, हाच जैविक नियंत्रणाचा पाया होय.