योगासने व हालचालींच्या खेळांतून कोनांचे अध्यापन

योगासने व हालचालींच्या खेळांतून कोनांचे अध्यापन ही शालेय भूमितीतील कोन ही संकल्पना विद्यार्थ्यांच्या शारीरिक स्थिती व हालचाली यांच्या साहाय्याने शिकवण्याची कृतियुक्त पद्धत आहे. या पद्धतीत हात, पाय व धड यांना कोनाच्या भुजा आणि सांध्याला शिरोबिंदू मानले जाते, तर स्वतःभोवती वळण्याच्या कृतीतून कोनाचे माप समजावून दिले जाते. प्राथमिक व उच्च प्राथमिक इयत्तांत, कोनमापकाचा वापर शिकवण्यापूर्वी किंवा त्याच्या जोडीने, ही पद्धत उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

कोनाचे वर्णन दोन प्रकारे करता येते: एका बिंदूतून निघणाऱ्या दोन किरणांनी होणारी आकृती, आणि एका दिशेकडून दुसऱ्या दिशेकडे झालेले वळण. कागदावरील आकृतीत पहिला अर्थ ठळकपणे दिसतो, दुसरा झाकलेला राहतो. त्यामुळे भुजा लांब काढल्या की कोन मोठा होतो, असा गैरसमज अनेक विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. वस्तुतः कोनाचे माप भुजांच्या लांबीवर अवलंबून नसते. एक उंच व एक ठेंगणा विद्यार्थी यांनी शेजारी उभे राहून हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरले, तर हातांची लांबी भिन्न असूनही हात व धड यांमधील कोन दोघांचाही काटकोनच असतो.

मिचेलमोर व व्हाइट या ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले की, कात्रीसारख्या दोन्ही भुजा दिसणाऱ्या वस्तूंतील कोन मुले सहज ओळखतात. परंतु दार किंवा चाक यांच्या फिरण्यातील कोन, जिथे एक किंवा दोन्ही भुजा दिसत नाहीत, त्यांना अवघड जातो. सीमोर पॅपर्ट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात, संगणकाच्या पडद्यावरील 'कासवा'ला लोगो भाषेत आज्ञा देताना मुलाने स्वतः चालून वळण अनुभवावे, असा विचार मांडला.

योगासनांतील कोन

'कोन' या मराठी शब्दाचे मूळ संस्कृत 'कोण' असून त्रिकोणासन, पार्श्वकोणासन, बद्धकोणासन, उपविष्टकोणासन या आसनांच्या नावांत तो आढळतो. पुण्यात दीर्घकाळ योग शिकवणारे बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ मधील 'लाइट ऑन योगा' या ग्रंथात पावले, गुडघे व पाय यांची स्थिती अनेक ठिकाणी अंशांत सांगितली आहे. अध्यापनास सोयीची काही आसने पुढीलप्रमाणे आहेत.

• दंडासन: जमिनीवर पाय लांब करून ताठ बसल्यावर धड व पाय यांमध्ये काटकोन होतो.
• वीरभद्रासन (दुसरा प्रकार): वाकवलेल्या पायाची मांडी व पोटरी यांमध्ये काटकोन अपेक्षित असतो, दोन्ही बाजूंना पसरलेले हात मिळून १८०° चा सरळ कोन होतो.
• त्रिकोणासन: दोन्ही पाय व जमीन यांनी समद्विभुज त्रिकोण तयार होतो. पावलांमधील अंतर वाढवले की वरचा कोन मोठा व जमिनीलगतचे दोन्ही कोन लहान होतात.
• ऊर्ध्व प्रसारित पादासन: उताणे झोपून जोडलेले पाय अनुक्रमे ३०°, ६० व ९०° पर्यंत उचलले जातात.

शेवटच्या आसनातून कोनांच्या जोड्याही दाखवता येतात. पाय जमिनीपासून ३०° वर असताना पाय व धड यांमधील कोन १५०° असतो. हे दोन पूरक कोन होत. त्याच स्थितीतून पाय उभे होण्यास आणखी ६०° लागतात. ३०° व ६०° हे परस्परांचे कोटिकोन होत.

हालचालींचे खेळ

शाळेतील कवायत हा वळणाच्या मापाचा सर्वपरिचित नमुना आहे. 'दाहिने मुड' या आज्ञेत ९०°, 'पीछे मुड' या आज्ञेत १८०° आणि 'आधा दाहिने मुड' या आज्ञेत ४५° वळण होते. वळण पूर्ण होताच मूळ दिशा नजरेआड होते; म्हणून सुरुवातीची दिशा खडूने जमिनीवर आखून ठेवल्यास कोनाच्या दोन्ही भुजा दिसू लागतात.

मैदानावर घड्याळाची तबकडी आखून मध्यभागी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला लगतच्या अंकाकडे वळायला सांगितल्यास प्रत्येक वेळी ३०° वळण होते. आठ दिशांच्या खेळात लगतच्या दोन दिशांमध्ये ४५° अंतर असते.

समभुज त्रिकोणाच्या बाजूंवरून चालण्याचा खेळ विशेष बोधप्रद ठरतो. त्रिकोणाचा आंतरकोन ६०° असल्याने विद्यार्थी कोपऱ्यावर ६०° वळतात आणि त्रिकोण पूर्ण होत नाही. चालणाऱ्याला प्रत्यक्षात बाह्यकोनाइतके, म्हणजे १२०° वळावे लागते. अशी तीन वळणे घेतल्यावर तो ३६०° फिरून मूळ दिशेला येतो. कोणत्याही बहिर्वक्र बहुभुजाकृतीच्या, प्रत्येक शिरोबिंदूवरील एक याप्रमाणे घेतलेल्या बाह्यकोनांची बेरीज ३६०° असते, हा गुणधर्म येथे चालूनच अनुभवता येतो.

मर्यादा व दक्षता

सांधा हा भूमितीतील बिंदू नव्हे व हात-पाय हे किरण नव्हेत. त्यामुळे शरीराने केलेले कोन अंदाजे असतात. आसन किंवा खेळ झाल्यावर तीच स्थिती वहीत रेषांनी काढणे, कोनाला नाव देणे, मापाचा अंदाज करणे व कोनमापकाने पडताळणे हे टप्पे गाळले, तर हालचाल केवळ व्यायाम ठरते व भुजांच्या लांबीविषयीचा गैरसमज कायम राहू शकतो.

शरीराची लवचिकता व्यक्तिगणिक बदलते. ठरावीक अंश गाठण्यासाठी मुलाला ताण देणे किंवा त्यावरून गुण देणे योग्य नाही. ज्याला जो कोन जमला त्याचेच माप घेता येते. जेवणानंतर लगेच आसने टाळावीत. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थी खुर्ची वळवून किंवा हातांनी कोन करून या उपक्रमात सहभागी होऊ शकतात.