कळंब्यातलं चिलट आणि वेरोनिका रॉड्रिग्ज

मंडळी, रविवारी सकाळी कळंबा तलावावर चक्कर मारून घरी आलो, तर टोपलीतल्या केळ्यांवर चिलटांची ही गर्दी! खिडक्या बंद होत्या. मग यांना पत्ता दिला कुणी?

वासाने. हे चिलट म्हणजे विज्ञानातली प्रसिद्ध ड्रॉसोफिला. (आंबा-पेरूत अंडी घालणारी बागायतदारांची फळमाशी ती वेगळी.) आणि तिला वास कसा येतो, हे शोधणाऱ्यांत एक नाव आपल्या शेजारच्या गोव्याशी जोडलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

वेरोनिका रॉड्रिग्ज. जन्म १९५३, केनियातल्या गोवेकर कुटुंबात. डब्लिनला पदवी घेतली आणि १९७७ साली त्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींकडे पीएचडीला आल्या. सिद्दिकींनी तिथे १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. इंग्रजी 'वाय'च्या आकाराच्या नळीत माश्या सोडायच्या, एका फाट्यात वास ठेवायचा, आणि कोण चुकतं ते बघायचं. चुकणाऱ्या माश्यांच्या जनुकात काहीतरी बिघाड असणार!

पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत लॉझेंज या जनुकावर काम झालं. हे जनुक स्वतः वास घेत नाही. त्यातून एक प्रथिन बनतं आणि ते इतर जनुकांची नक्कल (ट्रान्सक्रिप्शन) कधी करायची हे ठरवतं. माशीच्या स्पर्शिकांवर, म्हणजे मिशांवर म्हणू, वास घेणारे तीन प्रकारचे केस असतात. १९९८ च्या शोधनिबंधात दिसलं ते असं : लॉझेंजचं प्रमाण जास्त असेल तर एका प्रकारचे केस वाढतात, कमी झालं की त्यांच्या जागी दुसऱ्या प्रकारचे. आमच्या धंद्यात कसं, कोड तोच असतो, पण कॉन्फिगरेशन फाईलमधला एक आकडा बदलला की वागणूक बदलते. अगदी तसंच!

आता कुणीही विचारेल, चिलटांच्या मिशांवर सरकारचा पैसा कशाला? प्रश्न चुकीचा नाही. उत्तर असं की लॉझेंजचं एक भावंड, रंट, १९८० साली माशीतच सापडलं होतं. १९९१ साली माणसाच्या रक्ताच्या कर्करोगात मोडलेलं एक जनुक हाती लागलं, आणि वर्षभरात लक्षात आलं की हे तर रंटच्या घराण्यातलं! माशीवाल्यांनी आधी काम केलेलं नसतं तर ही ओळख पटायला कोण जाणे किती वेळ लागला असता. तेव्हा माशी मोजणाऱ्यांना कर्करोगाचं नावही काढायची गरज पडली नव्हती.

वेरोनिकाबाई २०१० साली गेल्या, जेमतेम ५७ व्या वर्षी. शाळेच्या पुस्तकात मला त्यांचं नाव कधी भेटलं नाही. आपल्या पोरांना तरी भेटावं, म्हणून हा खटाटोप.

असो. केळ्यांची शिकरण झाली. चिलटं अजून घरातच आहेत, पण आज हाताने हाकलवेना!